कडीची फरशी

फाल्गुन लागला की माझी मान खाजते. मी आता परभणीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीत बहुधा माझ्यासारखाच कुणी पेन्शनर उभा असतो. होळीच्या आसपास एखाद्या दुपारी कोरडं वारं सुटतं, दार आपटतं, आणि माझा हात आपोआप सदऱ्याच्या कॉलरमध्ये जातो. डॉक्टरांनी मलम दिलं. बायकोने साबण बदलला. मुलाने ‘ॲलर्जी’ म्हणून विषय संपवला. मीही मान डोलावली, खाजवत खाजवतच. आता या वयात कुणाला समजावत बसायचं की ही ज्वारीच्या कोंड्याची खाज आहे, नामांतराच्या काळातली आहे, आणि ती मला विमानतळावर लागली.

विमानतळ म्हटल्यावर ऐकणारा जरा सावरून बसतो, म्हणून मी तो शब्द आधी टाकतो. पुढचं ऐकून तो पुन्हा सैल होतो.

आमचं गाव वालूर आणि मानवतच्या मधे, रस्त्यापासून आत. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. महायुद्ध चालू होतं तेव्हा, म्हणजे आमच्याकडे निजामाचं राज्य होतं तेव्हा, गोऱ्या साहेबांनी या माळावर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांसाठी एक धावपट्टी केली. पट्टीच्या शेजारी विमानं उभी करायला खळ्याएवढ्या मोठ्या सिमेंटच्या फरश्यांचा रुंद ओटा केला. एक खोली बांधली, एक उंच खांब रोवला. पोरं आली, आभाळात गिरक्या घेऊन शिकली, गेली. युद्ध संपलं. साहेबांनी खोलीवरचे पत्रेसुद्धा काढून नेले. राहिला तो माळ, पट्टी, ओटा आणि खांब. गाव त्याला अड्डा म्हणतं. पुढे गावच्या दोन पिढ्या तिथे सायकल शिकल्या, म्हणजे जागा शिकाऊ लोकांसाठीच राहिली म्हणायची. मीही तिथेच शिकलो. नजर पोचणार नाही एवढ्या त्या मोकळ्या रानात जो एकच खांब होता त्याच्यावर मी सायकल घातली. उचलायला माझा चुलत भाऊ दत्तूदादा धावला होता. त्याने आधी सायकल उचलली.

पण अड्ड्याचा खरा हंगाम फाल्गुनातला. ज्वारी काढून झाली, बायकांनी कणसं मोडली की गाड्या भरून अड्ड्याकडे निघायच्या, कारण आमचं गाव त्या ओट्यावर मळणी करायचं. दुसऱ्या गावांत शेतातली जमीन चोपून, शेणाने सारवून खळं करतात. मधे लाकडी खांब रोवतात, त्याला बैल बांधून गोल फिरवतात. आमच्याकडे सारवायचं कारण नव्हतं, साहेब सिमेंट करूनच गेले होते. सिमेंटमध्ये खांब रोवता येत नाही, पण त्याचीही सोय साहेबांनी केली होती. वाऱ्याने विमानं उलटू नयेत म्हणून ओट्यातल्या काही फरश्यांच्या मधोमध जाड लोखंडी कड्या पक्क्या बसवल्या होत्या. विमान बांधायच्या त्या कडीला आम्ही बैल बांधायचो. शिवाय साहेबांनी वाऱ्याची दिशा धरून पट्टी आखलेली, त्यामुळे उफणायला त्याच्यासारखी जागा पंचक्रोशीत नाही. खांबाला कुणीतरी जुनं लुगडं बांधून ठेवायचं. ते फडफडलं की तिपाईवर चढायचं आणि सूप डोक्याच्या वर धरून धान्य सोडायचं. दाणा सरळ खाली, कोंडा उडून पलीकडे. मी मात्र तिपाईवर कायम वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला तोंड करून चढायचो. मानेचं मूळ दुखणं ते.

ओट्याच्या फरश्यांमधल्या भेगा डांबराने भरल्या होत्या. काळ्या रेघा आखून दिल्यासारख्या. कुठली फरशी कुणाची हे कुठल्याही कागदावर नव्हतं आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भावाभावांत वाटणी झाली की शेताबरोबर फरश्याही वाटल्या जायच्या. कडीची फरशी ज्याच्याकडे त्याचा रुबाब वेगळा, कारण बिनकडीवाल्याला बैल हाताने धरून फिरवावे लागायचे, नाहीतर कडीवाल्याचं उरकेपर्यंत थांबावं लागायचं. आमची एक होती. दत्तूदादाची नव्हती. आणि अगदी कडेची, खांबाच्या बाजूची, जिथे वारं पहिल्यांदा लागतं, ती कडीची फरशी होती सरूबाईची.

सरूबाई बौद्धवाड्यातली. नवरा लवकर गेलेला, अड्ड्याला लागून चिंचोळी पट्टी शेत, एक स्वतःचा बैल आणि दुसरा मागून आणलेला. उंच, काळीसावळी, आणि जिभेला धार अशी की तिच्या फरशीजवळून जाताना मोठमोठे लोक घाईत असल्यासारखे चालायचे. मी नुकताच बी.ए. होऊन गावच्या शाळेत चिकटलो होतो. मला ती लहानपणापासून ओळखत होती, तरी मी शाळेत लागल्यापासून न चुकता मास्तर म्हणायची. आदरात किती आणि टिंगलीत किती, याचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.

त्या साली जानेवारीत हेडमास्तरांनी मला गावाचा इतिहास लिहायला सांगितला. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात वाचायचा होता. गावाला इतिहास म्हणावा असा अड्डा सोडला तर काही नव्हता, म्हणून मी अड्ड्याचा लिहायला घेतला. म्हाताऱ्यांना विचारत फिरलो. प्रत्येकाकडे एक इतिहास होता आणि प्रत्येक इतिहासात सांगणाऱ्याचा बाप हजर होता. कुणाच्या बापाने साहेबाला कोंबडी खायला शिकवलेली, कुणाच्या बापाने साहेबाला साप दाखवून पळवलेला. एक गोष्ट तेवढी सगळ्यांची सारखी होती. एका शिकाऊ पोराचं विमान तुरीत उतरलं. पोरगं बाहेर आलं आणि तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या बायकांना पाहून रडायला लागलं. बायकांनी त्याला पाणी पाजलं. मग बैल जोडून, दोरखंड लावून विमान अड्ड्यावर ओढत नेलं. बैलांची नावं गावाला पाठ होती. साहेबाच्या पोराचं नाव कुणीच विचारलं नव्हतं.

एवढी सुरेख गोष्ट हातात असताना मी काय केलं, तर शत्रूने मारा केला, घायाळ गरुड आमच्या शिवारात कोसळला, असं लिहिलं. लाऊडस्पीकरवर वाचलं. शत्रू आमच्या गावापासून किती लांब होता हे मला माहीत नव्हतं, पण पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला माहीत होतं. तो काठीवर उठला आणि म्हणाला, “मास्तर, शत्रू बित्रू न्हवता. तेल सरलं होतं त्याचं.” सगळं पटांगण हसलं. मीही हसलो. गोष्ट तिथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

शेवटी एक परिच्छेद होता. तो मला फार आवडला होता. साहेब गेल्यावर अड्ड्यावर पाय ठेवायला गाव भीत होतं, जमिनीत बॉम्ब पुरून ठेवलेत अशी आवई होती. गावच्या खळ्यांवर तेव्हा सरूबाईचा सासरा राणबा याला मळणी झाल्यावर तळाशी राहिलेलं मातेरं मिळायचं, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे. स्वतःची मूठभर ज्वारी मळायला मात्र त्याला कुणी खळ्यावर घेत नसे. तो आपली कणसं घेऊन ओट्यावर गेला, कडीला बैल बांधला आणि मळून आला. बॉम्ब काही उडाला नाही. त्याच्या ज्वारीत खडा नव्हता, माती नव्हती. पुढच्या साली एक शेतकरी गेला, मग दुसरा, मग गावच गेलं. म्हणून आज आपण जी स्वच्छ भाकरी खातो तिचा पहिला मान राणबाचा, असं मी आवाज चढवून वाचलं आणि टाळ्यांसाठी थांबलो.

लाऊडस्पीकरची घरघर तेवढी ऐकू आली.

मी जे वाचलं ते गावाला नवीन नव्हतं. म्हाताऱ्यांनीच तर मला सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लाऊडस्पीकरवर असणं वेगळं, हे बी.ए.ला कुणी शिकवत नाही. आणि साल कुठलं होतं तेही बघा. आधीच्या, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव जे झालं ते होऊन गेलं होतं. आमच्या गावात काही झालं नाही. हे ‘काही झालं नाही’ आम्ही असं सांगायचो, जणू काही आम्ही कुणावर उपकार केलेत. न झालेल्या गोष्टीचं श्रेय घ्यायलाही आमच्याकडे रांग होती. पण ओट्यावर दुपारी भाकरी सोडताना पूर्वी जो सगळ्यांचा एक घोळका पडायचा, त्याचे पुढे त्या फाल्गुनात दोन झाले आणि मधे बऱ्याच फरश्या रिकाम्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी दत्तूदादा आमच्या घरी आला. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर सुपारी कातरत होते. दादाने मला विचारलं, ओटा ज्या शेतावर आहे ते शेत कुणाचं होतं? ते आमच्या आजोबांचं होतं. सरकारने युद्धासाठी म्हणून घेतलेलं, ते परत मिळालंच नाही. घरच्यांचं कौतुक बरं दिसत नाही म्हणून मी ते लेखातून गाळलं होतं. माझ्या हातून विनयाचं तेवढं एकच कृत्य घडलं आणि ते नेमकं तिथे.

“आधी विद्यापीठाचं नाव,” दादा म्हणाला, “आता वट्याचं. उद्या तूच पाटी रंगवून देशील.”

अण्णांची सुपारी बारीक होत राहिली.

दत्तूदादा वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणाच्याही मयताला पहिला तोच हजर, लग्नात वाढायला पहिला तोच. गावातल्या किती लेकरांना त्याने गाडीत घालून मानवतच्या दवाखान्यात नेलं असेल. पण त्याला कडीची फरशी नव्हती, आणि आता माझ्या लेखाने त्याला एक कारण दिलं. फाल्गुन लागताच, सरूबाईचं शेत अजून उभं असताना, त्याने आपल्या कणसांची पहिली गाडी थेट तिच्या फरशीवर ओतली आणि कडीला स्वतःचा बैल बांधला. गावाने पाहिलं. कुणी बैलांची पात हाकत होतं ते हाकत राहिलं. कुणी उफणत होतं त्याला तेवढ्यात कोंड्याचा ठसका आला.

सरूबाई आली. भांडली नाही, याचीच सगळ्यांना भीती वाटली. दत्तूदादाने तिला सांगितलं की पट्टीच्या पार टोकाला जागा मोकळी आहे, तिकडे मळ. टोकाचं सिमेंट उखडलेलं होतं, सगळी खडी वर आलेली. तिथे मळलेल्या ज्वारीत दाण्याला खडा. तिच्या शेतात जे पिकायचं तेच वर्षभर तिच्या चुलीवर जायचं, विकायला उरतच नव्हतं. ती खडी दाताखाली वर्षभर येणार होती.

मी रजा टाकायला निघालो. तालुक्याला जाऊन तहसीलदारसाहेबाला भेटतो, ओटा सरकारी आहे, सगळ्यांचा आहे, असं काहीबाही तिला सांगायला तिच्या शेतात गेलो. ती ज्वारी उपटत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मास्तर, सरकारला इचारू नका. सरकारला आठवण झाली की सगळ्यांचंच जाईल.” मग ताटांची पेंढी बांधता बांधता म्हणाली, “आमचा सासरा गुमान मळून आला व्हता. कुणाला काई म्हनला न्हाई. तुमाला कामून बोलावं वाटलं?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मला तिथे उभ्या उभ्या फार पुस्तकी वाटलं. मी तिला पेंढी उचलू लागलो. ती सुटली.

त्या वेळी अण्णा बोलले. मी त्यांना आयुष्यभर कुठल्या भानगडीत पडताना पाहिलं नव्हतं. ते अड्ड्यावर आले, आमच्या कडीच्या फरशीवरची कणसं गड्याला बाजूला ओढायला लावली आणि सगळ्यांसमोर सरूबाईला म्हणाले, “सरू, तू आमच्या फरशीवर मळून घे. आमचं मागून बघू.” थकलेला आवाज होता, पण ओट्यावर पोचला. आमच्या घराने काहीतरी केलं असं वाटलं. मी तर तिचा बैल आणायला दोन पावलं पुढेही गेलो.

सरूबाई जागची हलली नाही. “अण्णा, तुमचा शब्द मोठा हाय,” ती म्हणाली. “पर मला तुमची नको. माझी पायजे.”

अण्णांनी मान हलवली, कणसं पुन्हा फरशीवर ओढायला सांगितली आणि घरी निघून गेले. त्यांना राग आला होता का, हे मला कधी कळलं नाही. त्या रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले की तिचं बरोबर आहे. आई म्हणाली, काय बरोबर? ते म्हणाले, मीठ दे.

सरूबाईने कणसांचा ढीग ओट्याच्या कडेला, मातीत, आपल्या फरशीला लागून रचला आणि थांबली. दत्तूदादाचं उरकेपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. दादाचं उरकत नव्हतं. त्याची ज्वारी तेवढी होती, आणि नसती तरी त्याने उरकू दिलं नसतं. रोज दुपारी ती ढिगाच्या सावलीला बसायची, राखण करायची. मी शाळा सुटली की तिकडे चक्कर टाकायचो. काय करायला, ते मलाही सांगता आलं नसतं. ती माझ्याकडे पाहून म्हणायची, “आले का? बसा. उभं राहून इतिहास बदलत न्हाई.”

मग एका दुपारी देवगाव फाट्याच्या बाजूने आभाळ आलं. फाल्गुनातलं आभाळ आमच्याकडे कुणाला नको असतं. आधी धुळीचा लोट उठला, खांबावरचं लुगडं सुटून उडालं, समोरचा माणूस दिसेना. अड्ड्यावर एकच पळापळ. ताडपत्री ओढ, पोती टाक, बैल सोड. मी आमची मोठी ताडपत्री खांद्यावर घेतली आणि सरूबाईच्या ढिगाकडे धावलो. डोळ्यांत धूळ, अंगावर टपोरे थेंब, मग गारा. ढिगावर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दगड ठेवले, वर स्वतः आडवा पडलो. गारा पाठीवर घेतल्या. असं वाटलं की जन्मात एक काम तरी सरळ झालं.

आभाळ उघडलं तेव्हा मी दत्तूदादाच्या ढिगावर होतो.

सरूबाईचा ढीग पलीकडे, हाताच्या अंतरावर, गारांनी भिजून चोळामोळा होऊन पडला होता आणि ती त्याच्या कडेला उभी होती. दत्तूदादा माझ्याजवळ आला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला गारांपेक्षा तो हात जास्त लागला.

त्याने त्यानंतर दोन दिवसांत फरशी मोकळी केली, हेही खरं. सरूबाईने आपली ज्वारी वाळवली, मग आपल्या फरशीवर, आपल्या कडीला बैल बांधून मळली. तेव्हा अड्ड्यावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. चैत्र लागला होता, वारं पडलं होतं. ती सूप धरून तिपाईवर उभी राहायची आणि वाऱ्याची वाट पाहायची. दाणा काळा पडला होता. पुढे उन्हाळ्याच्या तोंडी एके दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या व्हरांड्यात आली आणि फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी माझ्या टेबलावर ठेवली. राखेच्या रंगाची. “चाखून बगा मास्तर,” म्हणाली, “तुमच्या इतिहासाची हाय.” मी खाल्ली. कडू होती. ती मी पूर्ण खाईपर्यंत उभी राहिली, मग फडकं झटकून घेऊन गेली.

एक हंगाम आठवायला बसलो की असे पुढचे हंगाम त्याला चिकटून येतात. कारण ते संपलं नाही. पुढच्या साली सरूबाईने आपली ज्वारी सगळ्यांच्या आधी, जरा ओलसर असतानाच काढली आणि फरशीवर आणून टाकली. त्याच्या पुढच्या साली दत्तूदादाने तिच्याही आधी. मग दरवर्षीची शर्यतच लागली. दादा पौषातच येऊन फरशीवर एक कणीस दगडाखाली ठेवून जायचा, एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात तसं. सरूबाई ते कणीस काढून त्याच्या डोळ्यांदेखत बैलाला घालायची. वर सांगायची, “मालक, तुमचं कणीस वाऱ्यानं आलतं. बैलानं खाल्लं बगा.” गाव पोट धरून हसायचं. दोघांच्याही घरात हिरवट, सुरकुतलेली ज्वारी जायची. दोघांच्याही भाकरीला चव नसायची. मला दोन्ही बाजूंनी निवाड्याला बोलवायचे, कारण मी इतिहासकार ठरलो होतो. मी पौष लागला की आजारी पडायला शिकलो.

तिकडे मोर्चे निघत होते, बंद होत होते, एसटी देवगाव फाट्यावर तासन्‌तास अडकून पडायच्या. पेपरात आज होणार, उद्या होणार असं यायचं. सुरुवातीला लोक तावातावाने वाचायचे. मग नुसते वाचायचे. मग पेपरात गूळ बांधून आणायचे. एवढी वर्षं कुणी रागावलेलं राहू शकत नाही, आणि कुणी राग सोडतही नाही. तो घरातल्या जुन्या दुखण्यासारखा होतो, सकाळी उठताना हात तिथेच जातो. गावही हसून हसून थकलं. शर्यतीला बघे येईनात. नंतर नंतर दोघंच असायची ओट्यावर, ती आणि तो, आणि मधे ती फरशी.

अण्णा गेले. आमची फरशी वाटणीत धाकट्या भावाकडे आली. माझी बदली मानवतला झाली. आणि मळणीचं मशीन आलं. ट्रॅक्टरला जोडायचं, एका तोंडाने कणसं घालायची, दुसऱ्या तोंडाने दाणे. ज्याच्या त्याच्या शेतात बांधावर उभं राहायचं ते. बैल कशाला, वारं कशाला, कडी कशाला. एकेक घर अड्ड्यावर येईनासं झालं. डांबराच्या रेघांतून गवत उगवलं. सिमेंट उन्हात तसंच तापायचं, फक्त त्याच्यावर कुणाचे पाय पोळत नव्हते. आताशा तर दर निवडणुकीला बातमी येते की तिथे पुन्हा खरं विमानतळ होणार. माणसं येतात, दुर्बीण लावून मोजतात, गावातला चहा पिऊन जातात.

चौऱ्याण्णव साली संक्रांतीला रेडिओवर नामविस्ताराची बातमी आली. मागितलं होतं ते पूर्ण नाही, पण मागितलेलं नाव लागलं, जुनंही राहिलं. मी तिळगूळ खाता खाता ऐकली. आनंद झाला, आणि इतकी वर्षं लागल्याचा कंटाळाही आला. दोन्ही एकदम झाल्यामुळे चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, बायकोने विचारलं दात दुखतोय का.

त्या फाल्गुनात एका रविवारी मी गावी गेलो. दत्तूदादाचे गुडघे गेले होते. पण ओट्याकडे ट्रॅक्टरचा आवाज येतोय म्हणून त्याने मला तिकडे न्यायला सांगितलं. माझ्या खांद्यावर भार टाकून तो चालला. वाटेत दोनदा बसला.

ओटा रिकामा होता. फक्त खांबाच्या बाजूच्या फरशीजवळ ट्रॅक्टर उभा होता, मागे मशीन, आणि सरूबाईच्या कणसांचा ढीग. तिचे केस पांढरे झाले होते. मशीनवाला वैतागला होता. शेत हे काय, पलीकडेच हाय, तिथंच काढून दिली असती, इकडं कामून आणायला लावलं, असं तो आम्हाला ऐकवत होता. सरूबाई त्याचं ऐकत नव्हती. ती खराट्याने फरशी झाडत होती, कोपरा न्‌ कोपरा, डांबराच्या रेघेपर्यंत.

दत्तूदादाला काहीतरी बोलायचं होतं आणि ते तो वाटेतच जुळवत आला होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. घसा साफ करून तो म्हणाला, “सरूबाई, आता ही फरशी तुझी. मी सोडली. सगळ्यांसमोर सांगतो.”

सगळे म्हणजे मी आणि मशीनवाला.

तिने खराटा थांबवला नाही. “दत्तूराव,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून त्याच्यासाठी मालक सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. “तुमी कशी सोडणार? मी कवा दिली होती?”

मग झाडत झाडत ती आमच्यापर्यंत आली आणि थांबली. खराटा हातात तसाच. दत्तूदादाने खाली पाहिलं. आम्ही दोघंही चपलांसकट तिच्या फरशीवर उभे होतो. मी पटकन मागे सरकलो. त्याला ते जमणारं नव्हतं. त्याने माझा खांदा घट्ट धरला, एक पाय उचलून काळ्या रेघेच्या पलीकडे ठेवला, थोडा दम घेतला, आणि मग दुसरा. आमचे पाय होते तेवढी जागा तिने झाडली आणि मशीनवाल्याला हात केला.